रात्रीचा रिकामा रस्ता

मागच्या महिन्यात ताईचा मुलगा आमच्याकडे जेवायला आला होता. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, लायसन्स हाती येऊन त्याला सव्वा वर्ष झाले आहे, आणि मामाशी असलेल्या नात्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे मामाची गाडी, असे त्याचे प्रामाणिक मत आहे. ताटावरून उठता उठता त्याने विषय काढला. ‘‘मामा, एकदा गाडी दे ना. दिवसा नाही मागत, रात्री साडेअकरानंतर. तेव्हा रस्ता रिकामाच असतो.’’ त्याच्या एका मित्राच्या घरी नवी इलेक्ट्रिक गाडी आली आहे आणि दोघांना मिळून ‘जरा बघायचे’ होते. जरा बघायचे म्हणजे काय, हे मला विचारावे लागले नाही. त्याच्या वयाचा असताना मीही नेमके हेच शब्द वापरत असे.

मी नाही म्हटले, तो फुरंगटून निघून गेला, ताईचा दुसऱ्या दिवशी फोन आला की इतके तोडून बोलायची गरज नव्हती. मी मात्र त्या ‘रिकामा’ या शब्दापाशी अडकून बसलो होतो. एकवीस-बावीस वर्षांपूर्वी माझाही त्या शब्दावर पूर्ण विश्वास होता.

ती गोष्ट २००४ च्या हिवाळ्यातली. माझ्याकडे वडिलांची मारुती एस्टीम होती आणि माझ्या मित्राकडे होंडा सिटी व्हीटेक, जिचे १०६ अश्वशक्तीचे इंजिन त्या काळी आम्हा पोरांच्या लेखी देव्हाऱ्यात ठेवण्याजोगे होते. तिच्यापुढे माझी ८५ अश्वशक्तीची एस्टीम टिकणार नाही हे दोघांनाही ठाऊक होते, पण माझे म्हणणे असे की गाडीपेक्षा हात महत्त्वाचा, आणि त्याचे म्हणणे असे की मग होऊन जाऊ दे. रात्रभर एका मित्राच्या घरी पत्ते कुटून पहाटे पावणेपाचला आम्ही दोघे पुण्याच्या विद्यापीठ चौकात सिग्नलला शेजारी शेजारी उभे राहिलो. पिवळा दिवा नुसताच उघडमीट करत होता. काचा खाली होत्या, थंडीने हात आखडले होते, आणि समोर शिवाजीनगरच्या दिशेने उतरत जाणारा गणेशखिंड रस्ता होता. दुतर्फा झाडे आणि माणूस नावाला नाही.

व्हीटेक तिसऱ्या गिअरलाच पुढे निघून गेली. ई-स्क्वेअर मागे पडले तेव्हा माझा काटा शंभराच्या पुढे गेलेला होता आणि तिचे मागचे लाल दिवे लहान होत चालले होते. तेवढ्यात डावीकडच्या एका गल्लीतून, दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकवलेली एक बजाज एम-एटी दुचाकी बाहेर आली. तो दूधवाला थांबला नाही, त्याने मान वळवून पाहिलेही नाही. आणि त्याने का पाहावे? रोज पावणेपाचला तो त्याच गल्लीतून बाहेर पडत होता आणि रोज त्याला रस्ता रिकामाच दिसत होता.

एस्टीमला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके आवळू न देणारी यंत्रणा, नव्हती. मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो, चारही चाके जागच्या जागी आवळली गेली, आणि त्यानंतर मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवले तरी गाडी नाकासमोरच घसरत राहिली. चाक फिरत नसेल तर स्टिअरिंग हे नुसते हातात धरायला दिलेले कडे असते, हे मला त्या दीड-दोन सेकंदांत समजले. शेवटी घाबरून माझा पाय ब्रेकवरून सुटला, चाके पुन्हा फिरू लागली, गाडी एकदम उजवीकडे वळली आणि त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावरून निघून दुभाजकाशी तिरकी थांबली. ते कौशल्य नव्हते. पाय सुटला म्हणून तो वाचला आणि मीही वाचलो.

त्याला धक्का लागला नव्हता, पण दचकून त्याने एम-एटी सोडली होती आणि ती आडवी पडली होती. एका किटलीचे झाकण उतारावरून गोल गोल फिरत खाली गेले आणि बराच वेळ वाजत राहिले. दूध डांबरावरून ओघळत माझ्या पुढच्या टायरखाली आले, आणि जळालेल्या रबराचा व कच्च्या दुधाचा तो एकत्र वास मला आजही आठवतो. शिव्या ऐकायची मनाची तयारी करून मी खाली उतरलो. त्याने आधी किटली उभी केली, कारण आत अजून दूध शिल्लक होते. मग माझ्याकडे बघून विचारले, ‘‘तुम्हाला लागलं का काही?’’ मी खिशातले होते तेवढे पैसे पुढे केले. त्याने मनातल्या मनात अकरा लिटरचा हिशेब केला आणि वरचे सुटे पैसे मला परत दिले.

मित्र पुढे संचेती हॉस्पिटलपाशी गाडी बाजूला लावून, बोनेटला टेकून उभा होता. त्याने काहीच पाहिले नव्हते. तो जिंकला होता.

या प्रसंगावर मी पुढे वर्षानुवर्षे विचार केला आहे, आणि दर वेळी एकाच गोष्टीपाशी येऊन थांबलो आहे. आम्हाला वाटत होते की धोका आम्ही पत्करला आहे, आमच्या हातातल्या कौशल्याच्या बळावर. प्रत्यक्षात आमची सगळी भिस्त इतरांवर होती: कोणी गल्लीतून बाहेर येणार नाही, कोणी रस्ता ओलांडणार नाही, कोणी कुत्रे आडवे पळणार नाही, समोरचा रिक्षावाला अचानक वळणार नाही. सार्वजनिक रस्त्यावर जो वेगाने गाडी हाणतो तो दुसऱ्यांच्या भरवशावर ती हाणत असतो, आणि त्या दुसऱ्यांना याची कल्पनाच नसते. शर्यतीत भाग घेणाऱ्या दोघांनी एकमेकांना होकार दिलेला असतो. दूधवाल्याला कोणी विचारलेले नसते.

आणि रात्री रस्त्यावर कोण नसते? महापालिकेच्या झाडणाऱ्या बाया पहाटेच रस्त्यावर असतात, पदपथाच्या कडेला पाठमोऱ्या वाकलेल्या. अप्पा बळवंत चौकात वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटत असतात आणि तिथून सायकली चहूकडे निघालेल्या असतात. आयटी कंपन्यांच्या कॅब झोपाळू डोळ्यांनी हिंजवडीहून परतत असतात. शेवटची ऑर्डर पोहोचवून घरी निघालेली डिलिव्हरीची पोरे उलट्या दिशेने येतात, कारण यू-टर्न दोन किलोमीटर लांब असतो. शहराबाहेर पडल्यावर तर दिवाळीनंतरचे चार-पाच महिने उसाच्या ट्रॉल्यांचे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांतून मागे लोंबणारे उसाचे शेंडे, आणि त्या शेंड्यांनी झाकून टाकलेला एखादा मागचा दिवा असलाच तर. बारामती, फलटण, इंदापूर किंवा कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला रात्री गाडी चालवलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको. अंधारात ती ट्रॉली दिसत नाही. अंधाराचा एक तुकडा जरा जास्त दाट वाटतो, आणि तो जवळ येतो.

इथे एक साधा हिशेब आहे, जो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मला कोणी शिकवला नाही. गाडीचा खालचा प्रकाशझोत साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत कामाचा उजेड देतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यातच ४२ मीटर संपतात, आणि ब्रेक लागायला अजून सुरुवातही झालेली नसते. त्यानंतर रोजचा रस्ता, रोजचे टायर आणि रोजचा माणूस धरला तर गाडी थांबायला आणखी ५६ मीटर लागतात. एकूण ९८. उजेड साठ मीटरचा आणि थांबायला ९८ मीटर. याचा अर्थ असा की डिपर वर न घेता शंभराने जाणारा माणूस स्वतःला जे दिसत नाही त्यावर गाडी घालत असतो. ताशी १५० ला हेच अंतर १९० मीटरच्या घरात जाते, कारण वेग दीडपट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सव्वादोनपट होते. वेगाचा वर्ग होतो. पाठ केलेले सूत्र सगळ्यांना येते, पायाला ते येत नाही.

यातला मला सर्वांत हादरवणारा हिशेब वेगळाच आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत, एक १०० ने आणि दुसरी १२० ने. दोघांनाही एकाच क्षणी समोर आडवा ट्रक दिसतो, दोघेही सारख्याच चपळाईने सारखेच ब्रेक दाबतात. शंभराची गाडी ट्रकला टेकायच्या आत, अगदी काठावर थांबते. त्याच जागी एकशेवीसची गाडी अजून ताशी पंच्याहत्तरहून जास्त वेगाने जात असते. वीसचा फरक वीसचा राहत नाही. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा कुठेतरी चूक झाली आहे असे समजून तो पुन्हा केला, आणि मग आमच्या एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक स्नेह्यांना दाखवला. ते म्हणाले, ‘‘बरोबर आहे, यात तुला नवल काय वाटलं?’’ प्राध्यापकांना कशाचेच नवल वाटत नाही.

एवढे वाचून कोणाला वाटेल की मला वेगाचा तिटकारा आहे. तसे असते तर मी २३० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस जुन्या गाड्यांच्या बाजारात शोधत सहा महिने घालवले नसते. ती गाडी मला अतिशय प्रिय आहे. टर्बोने श्वास घेतला की पाठ सीटला टेकते ती जाणीव, वळणावर गाडी दोरीला बांधल्यासारखी आत येते ती जाणीव, यांत एक निखळ सुख आहे, आणि ते सुख घेणारा माणूस उडाणटप्पूच असला पाहिजे असे मानणाऱ्यांशी माझे कधीच पटले नाही. चांगले यंत्र चांगले चालवता येणे ही एक विद्या आहे. माझी तक्रार एवढीच आहे की आपल्याकडे ती विद्या शिकण्याआधीच यंत्र हातात येते.

आणि आता ते फार सहज येते. माझ्या गाडीला शून्यापासून शंभरापर्यंत पोहोचायला कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ६.८ सेकंद लागतात आणि २०१७ मध्ये ती नवी निघाली तेव्हा हा आकडा सांगताना लोकांचा आवाज खाली येत असे. २०२४ च्या अखेरीस महिंद्राची बीई ६ बाजारात आली, तिचा कंपनीने दिलेला आकडा ६.७ सेकंदांचा आहे, आणि ती घरच्या लोकांना घेऊन लग्नाला जायची गाडी आहे. माझ्या एस्टीमला यासाठी जवळजवळ दुप्पट वेळ लागत असे आणि त्या वेळात इंजिन बोंबलून मला सांगत असे की मी काहीतरी करतो आहे. इलेक्ट्रिक गाडी काहीच बोलत नाही. आवाज नाही, गिअर नाही, कंप नाही. पाय दाबला आणि काटा तिथे. ज्या खुणांवरून आमच्या पिढीला वेग कळत असे त्या सगळ्या पुसल्या गेल्या आहेत, आणि भाच्याच्या मित्राच्या हातात जी आहे ती अशीच गाडी आहे.

विद्या शिकण्यावरून आठवले. २०१८ मध्ये मी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. जेमतेम दोन किलोमीटरचा तो ट्रॅक कारीवर्धन या रेसरच्या नावाने आहे, ज्यांनी मारुतीचे इंजिन घेऊन स्वस्तात शर्यतीची गाडी बनवली आणि पुढे अनेकांना त्या खेळात आणले. मी तिथे गेलो तो मनातून असा की आपल्याला बहुतेक सगळे येते, आता थोडा हात साफ होईल. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत आम्हाला कोणी वेगाने जाऊच दिले नाही. आधी खुर्चीत बसायला शिकवले: पाठ सीटला चिकटलेली, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल इतके अंतर, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. मी वीस वर्षे आरामखुर्चीत रेलल्यासारखा बसून गाडी चालवत होतो आणि त्यालाच स्टाइल समजत होतो.

मग ब्रेक. ताशी ८० ने यायचे, दोन शंकूंच्या मधे आले की ब्रेक पूर्ण ताकदीने दाबायचा आणि गाडी थांबेपर्यंत सोडायचा नाही. एवढेच. सोपे वाटते. पहिल्या खेपेला मी दाबला, एबीएसने पेडल पायाखाली थरथरले, कडकड असा आवाज झाला, आणि मी दचकून पाय उचलला. प्रशिक्षक शेजारी बसले होते. ते हसले नाहीत. म्हणाले, सगळेच उचलतात, परत चला. दुसऱ्या खेपेला मी दाबून धरला, पण त्यांच्या मते अर्ध्याच जोराने. पाचव्या खेपेला जमले, आणि त्या गाडीचे ब्रेक किती लवकर थांबवू शकतात हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळले. आमच्या बारा जणांच्या तुकडीतल्या एकालाही पहिल्या खेपेला पूर्ण ब्रेक लावता आला नव्हता. हौसेने पैसे भरून आलेल्या, स्वतःला चालक समजणाऱ्या माणसांची ही गत, तर आयत्या वेळी रस्त्यावर कोण काय दाबत असेल?

दुसऱ्या दिवशी खरा वेग आला, आणि तो अनुभव रात्रीच्या रस्त्याहून इतका निराळा होता की मला जरा लाज वाटली. वळणाबाहेर खडीचा मोकळा पट्टा, त्यामागे टायरांची रास, प्रत्येक वळणावर झेंडे घेतलेला माणूस, बाजूला चालू इंजिनाची रुग्णवाहिका. डोक्यावर हेल्मेट. गाडीतून पाण्याची बाटली, फोनचा चार्जर, गणपतीची मूर्तीसुद्धा बाहेर काढून ठेवलेली, कारण आदळल्यावर सुटी वस्तू गोळीसारखी सुटते. सगळ्या गाड्या एकाच दिशेने, समोरून कोणी येणार नाही ही खात्री. तिथे मी दोनदा घसरून खडीत गेलो आणि दोन्ही वेळा खरचटण्यावाचून सुटलो. रस्त्यावर त्या खडीच्या जागी झाड असते, खांब असतो, चहाची टपरी असते.

आपल्या देशातला हा खेळ मुळात वाढला तो जुन्या विमानांच्या धावपट्ट्यांवर, मद्रासजवळच्या शोलावरमला आणि कलकत्त्याजवळच्या बराकपूरला. नंतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक झाला, २०११ मध्ये ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट झाला, लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या ४०२ मीटरच्या ड्रॅग शर्यती झाल्या. महाराष्ट्रात, जिथे एवढ्या गाड्या बनतात आणि एवढ्या विकल्या जातात, तिथे सामान्य माणसाने शनिवारी जाऊन हजार-दोन हजार रुपये भरून आपली गाडी मोकळी सोडावी असा पुरेसा मोठा ट्रॅक नाही, याचे मला वाईट वाटते. मात्र ‘ट्रॅक नाही म्हणून आम्ही नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्यावर पळवतो’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. गावात तालीम नाही म्हणून कोणी एसटीच्या रांगेत कुस्ती धरत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ केवळ शर्यतीपुरते नाही. राज्य सरकारच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक जागी शर्यत किंवा ‘वेगाची चाचणी’ यांत भाग घेणे आणि ती होऊ देणे, दोन्ही गुन्हे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माझ्या गाडीचा एक टायर या पाच हजारांत येत नाही, तेव्हा केवळ दंडाला घाबरून या गाड्यांचे मालक सुधारतील असे मला वाटत नाही. त्याच दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ मला जास्त अर्थपूर्ण वाटते: अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशी उलटेपर्यंत लायसन्स मिळत नाही.

पुण्यात राहून हे लिहिताना १९ मे २०२४ ची पहाट टाळता येणार नाही. कल्याणीनगरमध्ये पोर्शे टायकन गाडीने मोटारसायकलवरच्या दोघांना उडवले. दोघेही चोवीस वर्षांचे, मध्य प्रदेशातून नोकरीसाठी पुण्यात आलेले अभियंते. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा होता, असे पोलिसांचे म्हणणे. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितल्याचे देशभर गाजले, आणि गाजायलाच हवे होते. मला मात्र त्या सगळ्या बातम्यांतला एक बारीक तपशील विसरता येत नाही: कोटीच्या घरातली ती गाडी कायमच्या नोंदणीविना रस्त्यावर फिरत होती आणि आरटीओत भरायचे राहिलेले शुल्क होते १,७५८ रुपये. तिथे शर्यतही नव्हती. समोर दुसरी गाडी असावीच लागते असे नाही. पुष्कळदा माणूस स्वतःशीच शर्यत लावतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंपुढे कारण म्हणून अतिवेगाची नोंद आहे. अपघाताच्या पंचनाम्यात ‘अतिवेग’ लिहिणे हे खड्डा, चुकीचे वळण किंवा बंद पडलेला सिग्नल लिहिण्यापेक्षा सोयीचे असते, हे मी जाणतो, म्हणून त्या टक्केवारीला मी जरा हात राखून घेतो. पण ती निम्मी खरी मानली तरी पुरेशी आहे.

समृद्धी महामार्गाने या विषयाला एक नवीन बाजू दिली आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, मोटारींना १२० ची मर्यादा आहे, आणि तिथे १२० ने जाणे हा गुन्हा नाही. मी नागपूरला दोनदा त्यावरून गेलो. पहिल्या तासात १२० हा वेग वाटतो. दुसऱ्या तासात तो वेग वाटेनासा होतो. काँक्रीटचा एकसुरी आवाज, सरळ रेषा, दोन्ही बाजूंना कुंपण, आणि मेंदू हळूहळू त्या वेगालाच स्थिरता समजू लागतो. खरी फजिती बाहेर पडताना होते. संभाजीनगरच्या बाहेरच्या रस्त्याला मी वळलो तेव्हा मला मनापासून वाटत होते की गाडी जवळजवळ थांबली आहे, आणि काटा ८५ दाखवत होता. तेव्हापासून मी एक पथ्य पाळतो: उतरणीला लागण्याआधी काट्याकडे बघून वेग कमी करायचा, अंदाजाने नाही. दर दीड तासाला उतरून चहा. तेवढ्याने काही जगबुडी होत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे सगळे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर कोणी १०० ऐवजी १२० ने कापले, तरी त्याची नऊ-दहा मिनिटे वाचतात, आणि ती पुढच्या कोंडीत परत जातात.

टायरचे मात्र मी कोणाचेही ऐकून घेत नाही. टायरच्या कडेवर कंपनीच्या मजकुरात एक चार आकडी खूण असते. ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. त्याच कडेवर मापापुढे एक रोमन अक्षर असते, जे तो टायर किती वेग सोसू शकतो ते सांगते: ‘टी’ म्हणजे १९०, ‘एच’ म्हणजे २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०. माझी गाडी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने मोठ्या अभिमानाने इंजिनाचे ट्यूनिंग वाढवून घेतल्याचे सांगितले होते, आणि त्याच गाडीला मागे सात वर्षे जुने, रबराला बारीक भेगा पडलेले टायर होते. हवा चारही चाकांत वेगवेगळी. घोड्याला बदाम खाऊ घालायचे आणि नाल मारायची नाही, असला प्रकार. मी आधी ट्यूनिंग काढून टाकले, मग टायर बदलले, मग गाडी घरी आणली.

मागच्या सीटवरचा पट्टाही तसाच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते मागे बसले होते आणि पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या सीटवरची दोन्ही माणसे वाचली. त्यानंतर महिनाभर सगळ्यांनी मागे पट्टे लावले. माझ्या गाडीत आजही मागच्या माणसाच्या पट्ट्याचा खटका वाजल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि यावरून आमच्या घरातल्या दोन ज्येष्ठ मंडळींनी माझ्याशी अबोला धरलेला आहे.

भाच्याचा फुगा दोन आठवड्यांनी फुटला. त्याचा संदेश आला, की निदान शेजारी बसून तरी चालवू दे. मी त्याला रविवारी सकाळी सातला बोलावले. आमच्या सोसायटीमागे एक रुंद डीपी, म्हणजे विकास आराखड्यातला, रस्ता आहे, जो नकाशावर बराच लांब जातो आणि प्रत्यक्षात एका वादग्रस्त जागेच्या भिंतीपाशी अचानक संपतो. पुण्यात असे रस्ते पुष्कळ आहेत. गाडी मी कडेला लावली, किल्ली खिशात ठेवली आणि त्याला विजेच्या एका खांबापाशी उभे केले. त्याचे एक पाऊल पाऊण मीटरचे धरायचे असे ठरले.

‘‘हा खांब म्हणजे तुला काहीतरी आडवं आलेलं दिसलं ती जागा. पन्नासचा वेग. चाल.’’ सत्तेचाळीस पावले मोजून तो थांबला आणि वळून हसला. जवळच होता. ‘‘आता शंभर. तिथूनच पुढे, एकशे तीसपर्यंत.’’ तो फोनमध्ये बघत, ओठ हलवत चालत गेला आणि एका गुलमोहराखाली थांबला. एवढ्या अंतरावरून त्याचा चेहरा मला नीट दिसत नव्हता. त्याने हात वर करून विचारले, झाले का? मी फोन लावला. ‘‘आता दीडशे. दोनशे बावन्नपर्यंत जा.’’

तो निघाला. फोन चालूच होता, त्यामुळे त्याचे मोजणे मला ऐकू येत होते. एकशे ऐंशीला तो म्हणाला, ‘‘अरे बापरे.’’ दोनशेच्या पुढे त्याचे मोजणे मंदावले. दोनशे अकराला तो थांबला.

‘‘मामा, भिंत आली.’’

‘‘अजून एक्केचाळीस पावलं आहेत.’’

तो काही बोलला नाही. लांबून मला एवढेच दिसले की त्याने दोन्ही हात भिंतीवर टेकले आणि टाचा उंचावून पलीकडे डोकावला. ‘‘काय आहे तिकडे?’’ मी विचारले.

‘‘वॉचमन आहे एक,’’ तो म्हणाला. ‘‘खुर्ची टाकून चहा पितोय.’’